डावीकडची वायर

१२ जून

अहो,

वायर कुठे आहे?

खरं तर एवढंच विचारायचं होतं. फोनवर विचारलं असतं, पण फोन नेहमी वन्संच उचलतात. कधी तुम्ही आंघोळीला गेलेले असता, कधी फिरायला, कधी नुकताच तुमचा डोळा लागलेला असतो. एकदा आलात फोनवर, तर 'हो, हो, बरं, बरं' म्हणून लगेच त्यांच्या हातात दिलात. मी विचारलं होतं, परत कधी येणार. त्याचं उत्तर 'हो, हो' होत नाही. म्हणून कागद घेतला. कागद हातात पडल्यावर तुम्हाला तो वन्संकडे देता येणार नाही, निदान वाचल्याशिवाय तरी.

काल तुमच्या बाजावरचं कापड काढलं. सिस्टिम म्हणायचं, मला माहीत आहे. पण तीस-बत्तीस वर्षं बाजाच म्हणत आले, आता जीभ वळत नाही. धूळ पुसावी म्हणून काढलं आणि बघते तर दोन्ही स्पीकर दोन कोपऱ्यांत उभे आणि दोघांच्याही पाठी उघड्या. वायर नाही. अँपच्या, म्हणजे त्या बटणांच्या खोक्याच्या, मागेही नाही. कपाट शोधलं, माळा शोधला, तुमचा हत्यारांचा डबा जमिनीवर उपडा केला.

म्हणजे तुम्ही ती घेऊन गेलात. चार दिवस बहिणीकडे जाऊन येतो म्हणालात, एक बॅग भरलीत. दाढीचं सामान विसरलात, रक्तदाबाच्या गोळ्या विसरलात, त्या मला मागून पाठवाव्या लागल्या. पण दोन्ही स्पीकरची वायर सोडवून, नीट गुंडाळून न्यायचं तेवढं लक्षात राहिलं. वन्संकडे एक रेडिओ आहे, तोही स्वयंपाकघरातला. ती वायर तुम्ही तिथे कशाला लावणार आहात?

रागावून माणूस घर सोडतो तेव्हा काय काय नेतो, ते मी ऐकून आहे. कोणी दागिने नेतं, कोणी पासबुक नेतं. वायर नेणारे तुम्हीच पहिले.

मला बाजा लावायचा आहे. हसू नका. जन्मभर 'आवाज कमी करा' म्हणणारी हीच बाई आहे. पण घरात आवाज म्हणून राहिला नाही. शिलाईचं मशीन चालतं तेवढा वेळ बरं असतं. ते थांबलं की फ्रीज ऐकू येतो. फ्रीजही थांबला की मग मी उगाच उठून भांडी घासते. मला रिकाम्या घराची सवय नाही आणि ती लावून घ्यायचीही नाही.

हो, मशीन मी परत खिडकीपाशी आणलंय, तुमच्या खुर्चीच्या डाव्या हाताला, पहिल्यापासून होतं तिथे. मागच्या वर्षी तुम्ही ते खुर्चीच्या उजवीकडे हलवलंत, 'इकडे उजेड चांगला आहे' म्हणून. उजवीकडे भिंत आहे. भिंतीतून उजेड येतो हे तेव्हा मला नव्यानेच कळलं. वर्षभर त्या अंधारात सुईत दोरा ओवून माझ्या डोळ्यांची वाट लागली. तुम्हाला काही हलवल्याशिवाय चैन पडत नाही, हेच खरं.

तर वायर परत पाठवा. पाठवायची नसेल तर कोणती घेऊ ते कळवा.

मी

ता.क. गोळ्या सकाळची एक आणि संध्याकाळची अर्धी. वन्संना उलटं सांगितलं असेल तर आधी सुधारा.


२१ जून

अहो,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन फाटकाशी थांबला की हातातली पँट खाली ठेवून मी उठत होते. तो शेजारच्यांची बिलं टाकून जातो.

शेवटी मीच गेले तुमच्या वायरवाल्याकडे. त्याने मला आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि माझ्या मागे दाराकडे बघत राहिला. साहेब नाही आले का म्हणाला. मी म्हटलं, गावाला गेलेत. किती दिवसांसाठी? मी म्हटलं, वायर दाखवा.

एवढ्या जाती असतात हे मला माहीत नव्हतं. एक साधी, लाल-काळी जोडीची. एक पारदर्शक कवचाची, आतली तांब्याची तार सोन्यासारखी चकाकते ती. एक विणलेल्या कापडाच्या कवचातली, ती त्याने काचेच्या कपाटात ठेवली आहे. काउंटरवर चकाकणारीच्या शेजारी तिच्यासारखीच दिसणारी आणखी एक होती. तिचं टोक त्याने ब्लेडने खरवडून दाखवलं. आतून पांढरी निघाली. नुसतं तांब्याचं पाणी दिलेलं होतं. वरचं कापड भारी आणि आत गोणपाट, असे कोट मीही पाहिलेत, म्हणून ते मला पटकन कळलं. मग त्याने विचारलं, स्पीकर किती लांब आहेत. अंतर जास्त असेल तर जाड घ्या, खोलीतल्या खोलीत असेल तर साधी खरी तांब्याची पुरते, म्हणाला. मी म्हटलं, मग आमच्या साहेबांना ती बोटाएवढी जाड कशाला दिलीत? तर म्हणाला, मी नको म्हणत होतो, साहेबच ऐकेनात.

एका वर्षात तीनदा वायर बदललीत म्हणे तुम्ही. मला दोनदाच माहीत होतं.

आणि निघताना त्याने विचारलं, "साहेबांचं डावीकडचं बरं झालं का?" घरात कोणी आजारी असावं तसं. मी हो म्हटलं.

डावीकडचं! त्या डावीकडच्याने मागचं वर्षभर माझा जीव खाल्लाय. संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या खुर्चीत बसवायचं, गाणं लावायचं आणि समोर उभं राहून विचारायचं, डावा कमी येतोय ना? मी म्हणायची, दोन्ही सारखे येतात. नीट ऐक. नीटच ऐकते. मग स्पीकर पुढे, मागे, तिरका, खाली लाकडी ठोकळा. आणि पुन्हा मी खुर्चीत. माझं काम पडलेलं, गिऱ्हाईक दारात आणि मी डोळे मिटून तुमचा डावा ऐकतेय.

एक दिवस कंटाळून मी म्हटलं, हो, कमी येतोय. काय आनंद झाला तुम्हाला! लेकीच्या निकालाच्या दिवशीही तुम्ही एवढे खूश झाला नव्हता. "म्हणजे वायरच," म्हणालात, दोनदा म्हणालात, आणि त्याच पावली जाऊन ती जाड वायर घेऊन आलात. तिनेही काही फरक पडला नाही. पुन्हा खुर्ची, पुन्हा प्रश्न. तेव्हा मी खरं सांगितलं, की आधीही सारखेच येत होते, तुमची कटकट थांबावी म्हणून आपलं म्हटलं. तुम्ही बाजावर कापड घातलंत. चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. आणि आठवड्याने बॅग भरलीत.

एका वायरीवरून. लेकीने विचारलं, बाबा आत्याकडे का गेले, तर सांगायला मला तोंड नाही. नवरा वायरीवरून गेला हे कोणाला सांगायचं? हवापाणी बदलायला गेलेत, म्हटलं. तिला ते पटलं नाही आणि तिने पुढे विचारलंही नाही.

साधी तांब्याची आणली आहे. शिलाईच्या टेपने भिंतीच्या कडेकडेने मोजली. तुमचा नियमही पाळला. डावा स्पीकर अँपच्या जवळ आहे आणि उजवा दाराच्या पलीकडे, तरी दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या कापल्या आणि डावीकडची उरलेली वेटोळी करून स्पीकरच्या मागे ठेवली. असं का करायचं असतं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असेल तर मी लक्ष दिलं नसेल.

मी


२३ जून

उजवा मेला.

जोडली वायर. लाल लालला, काळी काळीला, कात्रीने कवच सोलून, तार वळवून, तुम्ही करायचात तशी. डावा छान वाजतो. उजव्यातून हूं की चूं नाही. तुमचं डावीकडचं दुखणं माझ्याकडे येताना उजवीकडे सरकलेलं दिसतंय.

तुम्ही इथे असता तर मी आनंदाने खुर्चीत बसले असते आणि म्हटलं असतं, खरंच हो, कमी येतोय. कमी काय, येतच नाही.

वायरवाल्याच्या डोक्यावर नेऊन आपटणार आहे ती वायर.


२६ जून

अहो,

हे पत्र सावकाश वाचा. वन्संना वाचून दाखवायला सांगू नका.

वायर घेऊन मी दुकानात गेले. चांगली तणतणत गेले. त्याने दोन्ही टोकं एका छोट्या यंत्राला लावली, यंत्र टुक्‌ करून वाजलं. वायर धडधाकट आहे, म्हणाला. मग स्पीकर गेला असेल, मी म्हटलं. तर तो म्हणाला, "बाई, अँपवर बॅलन्सचं बटण असतं. ते मधोमध आहे का बघा. कोणी फिरवलं असेल." मी म्हटलं, आमच्याकडे फिरवायला आहे कोण? साहेबांच्या बाजाला मी कधी हात लावत नाही.

घरी येऊन पाहिलं. मोठं बटण आवाजाचं, ते मला माहीत आहे, कमी करा म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवत आले. त्याच्या शेजारी लहान बटण. त्यावर एक पांढरी रेघ आहे. ती रेघ पार डावीकडे होती, आणखी फिरणार नाही इतकी. चष्मा लावून पाहिलं तर बटणाची बाकीची कड धुळीने भरलेली आणि तुमची दोन बोटं लागतात तेवढीच जागा स्वच्छ होती. कापडाखालीही धूळ जाते. म्हणजे ते चुकून फिरलेलं नव्हतं.

मी ते मधोमध आणलं. उजवा लगेच वाजायला लागला.

तरी मला चटकन कळलं नाही. आधी वाटलं, मुद्दाम बिघडवून गेलात. रागच आला. मग तुमचे जायच्या आधीचे दिवस आठवले. रोज संध्याकाळी बाजा लावून तुम्ही अँपपाशी पाठमोरे वाकून उभे राहायचात आणि गाणं संपेपर्यंत तसेच. आवाज मला नेहमीपेक्षा कमी वाटायचा. मला वाटलं, माझ्यासाठी कमी केलात. बरं वाटलं होतं मला तेव्हा. उजवा बंद करून तुम्ही डावा ऐकायला बघत होता आणि मी आत भाजी चिरत मनात म्हणत होते, चला, माणसाला अखेर अक्कल आली.

मग मी कापसाचा बोळा केला, डाव्या कानात घातला आणि तुमच्या खुर्चीत बसले. गाणं सगळं उजव्या अंगाला गेलं. डावा स्पीकर समोर दिसत होता, उठून त्यावर हात ठेवला तर तो थरथरत होता. पण त्यातून काही येतंय असं वाटतच नव्हतं. मी बोळा काढला नाही. गाणं संपेपर्यंत तशीच बसून राहिले. आणि रडले, लिहायला हरकत नाही, इथे बघायला कोणी नव्हतं.

तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी हे लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

छापखान्यातल्या नोकरीत इतकी वर्षं छपाईचं मशीन तुमच्या डाव्या हाताला होतं. तुम्ही घरी आलात की तासभर ओरडून बोलायचात आणि मी म्हणायची, इथे कोणी बहिरं नाही. तो खडखडाट पुसून टाकायला तुम्ही संध्याकाळी बाजा लावायचात. एवढं साधं गणित मला जमलं नाही. जी संध्याकाळ तुमची स्वतःची म्हणून होती, तिच्यातलंच अर्धं गेलं आणि तुम्ही ते वायरीत शोधत राहिलात. आणि मी एक दिवस 'हो, कमी येतोय' म्हणून तुम्हाला ते मिळवून दिलं, आणि नंतर काढून घेतलं.

तुम्ही वायर का नेलीत, हेही कळलं असं वाटतं. वायर नसली की बाजा लागणार नाही, बाजा लागला नाही की बटण कोणाला दिसणार नाही. की नुसतं बटण मधोमध करायचं विसरलात आणि वायर खरंच रागाने नेलीत? ते तुम्हीच सांगा. मी आपलं एकेक जोडत बसले आहे. रस्त्याने चालताना मला हाताला धरून उजवीकडे घ्यायचात, गाड्यांच्या बाजूला. मी म्हणायची, बायकोला गाडीखाली घालायचा विचार आहे का. फोन तुम्ही नेहमी उजव्या कानाला लावता आणि वन्सं शेजारी उभ्या असतात. त्या बोलल्या की माझं बोलणं राहून जात असणार, मग 'हो, हो, बरं, बरं'. मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर इतके चिडलात की माझा आवाजही नकोसा झालाय. दोन महिने मी हेच धरून बसले होते.

रागावलात म्हणून गेला असता तर मी आणखी वर्षभर रागावून राहिले असते, तुम्ही मला ओळखता. पण तुम्ही लाजून गेलात. मला लाजलात, याचं मला फार वाईट वाटलं.

कानाला यंत्र लावायचं की डॉक्टरला दाखवायचं, ते तुम्ही ठरवा. मी त्यातलं काही बोलणार नाही. एकदाच बोलेन.

मी


५ जुलै

अहो,

काल वन्संचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, गुडघे झाले, पाणी कमी येतं ते झालं. मग म्हणाल्या, तो विचारतोय, वायर दोन्हीकडे सारख्या लांबीची घेतलीस ना?

मी म्हटलं, बाजूला उभे आहेत का? त्या म्हणाल्या, आहे. मी म्हटलं, मग फोन द्या आणि तुम्ही जरा पलीकडे जा. त्यांनी दिला. तुम्ही काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. पण तुमचा श्वास ऐकू येत होता, आणि तुम्ही फोन ठेवलाही नाहीत. मग शेजारच्यांचं कोणीतरी पँट न्यायला आलं म्हणून मलाच ठेवावा लागला. किती दिवसांनी घरात आपण दोघं होतो.

वन्संनी नंतर पुन्हा फोन करून सांगितलं की ती जाड वायर तुमच्या उशाशी बॅगेत आहे, गुंडाळलेली, आणि त्या रोज केर काढताना ती बॅग उचलून ठेवतात. अशी जड आहे मेली, म्हणाल्या. तिकडे बाजा नसलेली वायर आणि इकडे वायर नसलेला बाजा. आपल्या दोघांना कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं!

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. सारखी घेतलेली नाही.

म्हणजे आधी घेतली होती, तसं लिहिलं होतंच. पण मी पुन्हा दुकानात गेले आणि डावीकडची नवी आणली, उजवीच्या दुप्पट लांब. वायरवाला म्हणाला, साहेबांना चालणार नाही. मी म्हटलं, साहेबांना विचारून घेतली आहे. तेवढं खोटं चालतं. लांब आहे म्हणून त्याने थोडी जाड दिली.

कारण डावा स्पीकर मी हलवला आहे. ठोकळ्यावरून उतरवून, खाली सतरंजी घालून ओढत ओढत नेला, कंबर दोन दिवस धरली होती. आता दोन्ही स्पीकर तुमच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला आहेत, एक पुढे आणि एक जरा मागे. वायर दाराच्या चौकटीवरून फिरवून आणली आहे, पायात येणार नाही. कापूस घालून मी खुर्चीत बसून पाहिलं. पूर्वीसारखं नाही. खोटं का लिहू, आता मी कशालाच उगाच हो म्हणणार नाही. पण गाणं सगळं येतं. त्यातलं काही राहत नाही.

स्पीकर असे ठेवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. कोणी आलं तर हसेल. आपल्याकडे येतं कोण?

डाव्या स्पीकरची दोन टोकं मी ऐकून झाल्यावर पुन्हा सोडवून ठेवली आहेत. मला येतं जोडायला. तरी तुम्ही येऊन जोडा. शनिवारी दुपारच्या गाडीने निघालात तर उजेडाचे घरी पोचाल. फाटकाची कडी नुसती लोटलेली असते. न कळवता आलात तरी चालेल.

आणि आज सकाळी मशीनही हलवलं. खुर्चीच्या उजव्या हाताला, भिंतीशी, तुम्ही ठेवलं होतं तिथेच. तुम्ही मागच्या वर्षी म्हणत होता ते बरोबर होतं. तिकडे उजेड चांगला आहे.

मी